शाळा दुरुस्तीचा पैसा कुठून येतो? रंग लागण्याआधी गावाने काय तपासायचं, समजून घ्या

जून उजाडतो, शाळा सुरू होते आणि पहिल्याच मोठ्या पावसात वर्गात बादली ठेवावी लागते. गंमत म्हणजे शाळेचा रंग नवा असतो. भिंतीवर बाराखडी, पाढे, नकाशा सगळं झकास. गेल्याच वर्षी दुरुस्ती झालेली असते. तरी स्लॅबमधून पाणी टपकतंच. मग पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "पैसे खाल्ले." पण किती पैसे आले होते, कोणत्या योजनेतून आले होते, त्यात नेमकं काय काम करायचं होतं, असं विचारलं तर कुणाकडेच उत्तर नसतं.

विषय फक्त पैशाचा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात निंबोडी इथल्या जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचा भाग कोसळून सात मुलं दगावली. त्यानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना शाळा इमारतींची सुरक्षा तपासणी करायला सांगितलं. म्हणजे दुरुस्तीचं काम कागदावर झालं की जागेवर झालं, हा प्रश्न आपल्या पोरांच्या डोक्यावरच्या छताचा आहे.

हे तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही. तीन गोष्टी लागतात. इमारत कुणाची ते माहीत असणं, अंदाजपत्रकाची प्रत हातात असणं आणि एक मोजपट्टी.

इमारत कुणाची, हे आधी ओळखा

गावातली प्रत्येक सरकारी इमारत एकाच खात्याची नसते. तक्रार चुकीच्या दारात गेली की सहा महिने वाया जातात.

• जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, पशुवैद्यकीय दवाखाना: यांचं बांधकाम आणि दुरुस्ती साधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असते. तालुक्याला उपअभियंता, त्याच्या हाताखाली शाखा किंवा कनिष्ठ अभियंता.

• तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय, विश्रामगृह: ही शासनाची इमारत. काम सार्वजनिक बांधकाम विभाग बघतो.

• ग्रामपंचायत कार्यालय, समाजमंदिर, स्मशानभूमीची शेड: मालकी बहुतेक ग्रामपंचायतीची. कामही अनेकदा ग्रामपंचायतच करते.

• अंगणवाडी: चालवणारा विभाग महिला व बालकल्याण, बांधणारा बहुतेक वेळा जिल्हा परिषद बांधकाम विभाग किंवा ग्रामपंचायत.

पैसा कुठून येतो

"शासनाने निधी दिला" असं भूमिपूजनाच्या फलकावर असतं. पण शासनाची एकच तिजोरी नसते. ज्या खिशातून पैसा आला, त्यावर हिशेब कुणाला विचारायचा ते ठरतं. गावापर्यंत येणारे मुख्य खिसे असे:

वित्त आयोग. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२५-२६ पर्यंतचा होता, पुढची पाच वर्षं सोळाव्या आयोगाची. पंधराव्या आयोगाच्या निधीत महाराष्ट्रात ८० टक्के रक्कम थेट ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला मिळत असे. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित. त्यातून गावाच्या गरजेची कामं घेता येतात, पगार आणि आस्थापनेचा खर्च नाही. शाळा, अंगणवाडीची दुरुस्ती यात बसवायची तर ती 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात आधी लिहिलेली हवी. आराखड्यात नाही, तर निधी असूनही काम होत नाही.

जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. वर्गखोल्या बांधणं, शाळा दुरुस्ती, आरोग्य केंद्राची दुरुस्ती यांचा मोठा पैसा इथून जिल्हा परिषदेला जातो. ग्रामपंचायत इमारत आणि स्मशानभूमीसाठीचा 'जनसुविधा'चा निधीही याच वाटेने येतो.

समग्र शिक्षा. केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. यात शाळेला दरवर्षी 'संयुक्त शाळा अनुदान' असतं. निकषानुसार ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातून लाईट, नळ, दार-खिडकी, किरकोळ दुरुस्ती करायची. किमान १० टक्के स्वच्छतेवर. या पैशातून स्लॅब दुरुस्त होणार नाही, हे उघड आहे. पण तुटलेली कडी आणि बंद पडलेला नळ यासाठी 'वरून निधी आला नाही' हे उत्तर मात्र तपासून घ्यावं.

आमदार निधी आणि '२५१५'. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या ग्रामविकासाच्या कामांसाठी ग्रामविकास विभागाचं हे लेखाशीर्ष आहे. गावातले जुने कार्यकर्ते त्याला नुसतं 'पंचवीस-पंधरा' म्हणतात.

स्वनिधी. ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी. जिल्हा परिषदेचा सेस. हा पैसा आपणच भरलेला असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जिल्हा परिषदेला शासनाकडून आलेला निधी खर्चायला साधारण दोन आर्थिक वर्षं मिळतात. मुदत संपली की उरलेला पैसा शासनाकडे परत जातो. म्हणून मार्च जवळ आला की कामांची घाई सुटते, आणि घाईतलं काम म्हणजे पाणी न मारलेलं प्लास्टर आणि ओल्या भिंतीवर मारलेला रंग. तुमच्या गावाचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालं असेल तर डबल लक्ष द्या.

कागदाचा प्रवास

काम कुठल्याही निधीतलं असो, कागद साधारण याच क्रमाने फिरतात.

मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायत मागणी करते. अभियंता जागेवर येऊन अंदाजपत्रक बनवतो. त्यात प्रत्येक बाब, तिचं परिमाण आणि शासनाच्या दरसूचीतला दर लिहिलेला असतो. मग तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता. त्यानंतर ठेकेदार ठरतो. मोठं काम ई-निविदेने, जे 'महाटेंडर्स' पोर्टलवर दिसतं. छोटी कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात वाटली जातात किंवा ग्रामपंचायत स्वतः करते. मग कार्यारंभ आदेश निघतो. त्यात काम कधी सुरू करायचं, कधी संपवायचं हे असतं.

काम चालू असताना कनिष्ठ अभियंता मोजमाप घेऊन ते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीमध्ये लिहितो. उपअभियंता त्यातलं तपासतो. बिल निघतं ते या एमबीवर. काम पूर्ण झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र.

या सगळ्या कागदांत गावासाठी दोनच सगळ्यात महत्त्वाचे. काय करायचं होतं ते सांगणारं अंदाजपत्रक, आणि काय केलं म्हणून पैसे दिले ते सांगणारी एमबी. हे दोन्ही शेजारी ठेवून शाळेत उभं राहिलं की बरंचसं चित्र स्पष्ट होतं.

समजा, सहा लाखांचं काम आहे

समजा, गावातल्या शाळेच्या दोन खोल्यांची दुरुस्ती मंजूर झाली आहे, रक्कम सहा लाख. अंदाजपत्रकात लिहिलंय, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग ११० चौरस मीटर आणि आतलं प्लास्टर १६८ चौरस मीटर.

आता मोजपट्टी घ्या. स्लॅब वरून मोजला, लांबी १६.७ मीटर, रुंदी ६.५ मीटर. गुणाकार १०८.५५. म्हणजे अंदाजपत्रकातला आकडा बरोबर आहे. पण एमबीत याच स्लॅबचं वॉटरप्रूफिंग १५० चौरस मीटर दाखवलं असेल, तर वरचे ४१ मीटर कुठे केले, हा सरळ प्रश्न आहे.

प्लास्टर बघा. खोली आतून ८ मीटर बाय ६ मीटर, म्हणजे चारी भिंतींची लांबी २८ मीटर. उंची ३ मीटर. एका खोलीचं प्लास्टर ८४, दोन्हीचं १६८. आकडा जुळला. पण प्रत्यक्षात ठेकेदाराने जमिनीपासून एक मीटरपर्यंतचं, ओल आलेलं प्लास्टर तेवढं काढून नवीन केलं, वर जुन्यावरच रंग मारला. तर काम झालं दोन्ही खोल्यांत मिळून ५६ चौरस मीटरचं. एमबीत १६८ लिहिले असतील तर ११२ मीटरचे पैसे न केलेल्या कामाचे गेले.

मीटर-फूट गोंधळ होत असेल तर एक चौरस मीटर म्हणजे साधारण पावणेअकरा चौरस फूट.

दारं-खिडक्यांची वजावट कशी करायची याचे नियम असतात, त्यामुळे चार-पाच मीटरचा फरक म्हणजे लगेच घोटाळा नव्हे. जागेवर गरज बदलली म्हणून एक बाब कमी करून दुसरी वाढवलेलीही असू शकते. मात्र असा बदल कागदावर मंजूर झालेला हवा. आधी विचारा, उत्तर ऐका, मग बोला.

रंग लागण्याआधी काय बघायचं

रंग लागला की खालचं काही दिसत नाही. म्हणून तपासणीची खरी वेळ काम सुरू झाल्यापासून रंग लागेपर्यंतची. रोज जाणाऱ्या पालकाने या गोष्टी बघाव्यात आणि तारखेसकट फोटो काढून ठेवावेत.

१. स्लॅबचे गज. छताचा पोपडा पडून लोखंड दिसत असेल, तर आत गंज चढलेला असतो. गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. नीट दुरुस्ती म्हणजे सैल भाग तोडणं, गज घासून स्वच्छ करणं, गंजरोधक लेप देणं, मग दुरुस्तीचा मसाला भरणं. गंजलेल्या गजावर तसंच प्लास्टर थापलं तर एक-दोन पावसाळ्यांत ते परत पडणार, आणि खाली मुलं बसलेली असणार.

२. स्लॅबचा उतार आणि पाण्याचे पाईप. वॉटरप्रूफिंग झाल्यावर स्लॅबवर पाणी साठवून दिवसभर ठेवून बघता येतं. खाली ओल उतरली तर तिथेच कळतं. ही चाचणी बिल निघण्याआधी मागा.

३. सिमेंट-वाळूचं प्रमाण. अंदाजपत्रकात १:४ लिहिलं असेल तर एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. घमेली मोजायला कुणाचीही परवानगी लागत नाही.

४. पाणी मारणं. काँक्रीट आणि प्लास्टरला किमान सात दिवस ओलं ठेवायला हवं. उन्हाळ्यात टँकरच्या गावात इथेच सगळ्यात जास्त काटकसर होते. पाण्याची सोय काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्या.

५. लाकूड, पत्रा, फरशी. अंदाजपत्रकात जाडी आणि प्रकार लिहिलेला असतो. पत्र्याची जाडी पत्र्यावर छापलेली असते, फोटो काढा. जुने पत्रे, जुनं लोखंड कुठे गेलं तेही विचारा, कारण ती सरकारी मालमत्ता आहे.

६. वायरिंग. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळांचा मृत्यू झाला. दवाखाना असो की शाळा, दुरुस्ती म्हटलं की वायरिंग, अर्थिंग आणि आग विझवण्याचं साधन यादीत आहे का, हे बघायलाच हवं.

दुरुस्ती नको, निर्लेखन हवं, असं कधी?

काही खोल्या दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या असतात. अशी खोली अभियंत्याच्या तपासणीनंतर 'निर्लेखित' केली जाते, म्हणजे वापरातून काढून पाडायला मंजुरी दिली जाते. अडचण अशी की निर्लेखन झालं की खोली गेली, नवी कधी मिळेल सांगता येत नाही. म्हणून गाव आणि शाळा दोघंही टाळतात, आणि धोकादायक खोलीवर दोन-तीन लाखांची मलमपट्टी होते. हे दुहेरी नुकसान. पैसा जातो आणि धोका तसाच राहतो. खोलीला मोठ्या भेगा असतील, छत खाली झुकलं असेल तर आधी अभियंत्याकडून लेखी तपासणी अहवाल मागा, आणि तो येईपर्यंत मुलांना त्या खोलीत बसवू नका. निर्लेखनाच्या प्रस्तावाबरोबरच नव्या खोलीची मागणी लावून धरा.

देखरेख कुणाची?

कागदावर देखरेख करणारे पुष्कळ आहेत. स्थानिक निधी लेखापरीक्षा दरवर्षीचा हिशेब तपासते. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते. 'कॅग'चेही ताशेरे येतात. पण हे सगळे येतात ते पैसा खर्च झाल्यावर, कधी कधी काही वर्षांनी. काम चालू असताना येणारा सरकारी माणूस एकच, कनिष्ठ अभियंता. त्याच्याकडे अनेक गावं असतात. तो रोज येऊ शकत नाही.

रोज तिथे असतं ते गाव. आणि कायद्याने गावाला जागा दिलेली आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. शाळेला आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम म्हणून कायद्यातच लिहिलंय. तरी अनेक ठिकाणी समितीची बैठक म्हणजे रजिस्टर घरी आणून सही घेणं, एवढंच होतं. सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचा. कोरी जागा सोडलेली असेल तर सही करू नका.

ग्रामसभेचंही तसंच. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गेल्या वर्षीचा हिशेब आणि लेखापरीक्षणातले आक्षेप ग्रामसभेपुढे ठेवणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. महिलांची ग्रामसभा त्याआधी घ्यायची असते. शाळेच्या गळतीचा, मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय तिथे सगळ्यात नेमका निघतो.

मोबाईलवर काय दिसतं

'ई-ग्रामस्वराज' वेबसाइट किंवा ॲपवर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की वर्षाचा आराखडा, किती पैसा आला, किती खर्च झाला हे दिसतं. लॉगिन लागत नाही. पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल सहीने होतं. म्हणून 'माझी सही घेतली, मला माहीत नव्हतं' हे सांगणं सरपंचालाही अवघड आहे. सरपंच ताई असोत की भाऊ, डिजिटल सहीची किल्ली स्वतःकडेच ठेवावी.

जिल्हा परिषद किंवा बांधकाम विभागाने केलेली बरीचशी कामं इथे दिसत नाहीत. त्यासाठी माहिती अधिकार.

अर्ज असा करा

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये फक्त कागद मागण्याचा हक्क नाही. कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क त्यात आहे. हे फार कमी लोकांना माहीत आहे.

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो. मजकूर साधारण असा:

"प्रति, जन माहिती अधिकारी, उपअभियंता कार्यालय, जिल्हा परिषद बांधकाम उपविभाग. विषय: आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या दुरुस्तीचं काम, आर्थिक वर्ष (इथे वर्ष लिहा). कृपया पुढील कागदांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: १) अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता. २) कार्यारंभ आदेश व करारनामा. ३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पानं. ४) अदा केलेली देयकं. ५) काम पूर्णत्वाचा दाखला. तसेच या कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी तारीख व वेळ कळवावी."

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. प्रतीचा दर पानाला २ रुपये. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

अर्ज एकट्याने करण्यापेक्षा समितीतल्या चार-पाच पालकांनी वेगवेगळ्या नावाने एकेक केला तर दबाव एकट्यावर येत नाही. गावात राहायचं असतं, हे खरंच आहे.

दुरुस्तीनंतरही गळती निघाली तर

लगेच आरडाओरडा करण्याआधी करारनामा बघा. त्यात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं, आणि त्यासाठीच त्याची सुरक्षा ठेव विभागाकडे जमा असते. मुदत संपली की ठेव परत जाते. म्हणून पहिल्या पावसात गळती दिसली की त्याच आठवड्यात मुख्याध्यापक आणि समितीने उपअभियंत्याला लेखी कळवावं, फोटो जोडावेत आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदवलं जात नाही.

दखल घेतली नाही तर गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार करता येते. बिलासाठी किंवा मंजुरीसाठी कुणी लाच मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडता येईल

"गावातील कोणत्याही सरकारी इमारतीचं काम सुरू होण्याआधी त्याच्या अंदाजपत्रकाची प्रत शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. फलकावर निधीचं नाव, रक्कम, ठेकेदार, अभियंत्याचं नाव आणि काम संपण्याची तारीख असावी. अंतिम देयकाआधी शाळा व्यवस्थापन समितीतील दोन पालकांच्या, त्यातील एक महिला, उपस्थितीत मोजमाप व्हावं आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी."

ठराव बहुमताने झाला की इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत तालुक्याच्या बांधकाम उपविभागाला पोच घेऊन द्या. यासाठी कुठल्याही नव्या योजनेची किंवा निधीची वाट बघावी लागत नाही.